सलीमभाईंचा माउथ ऑर्गन आणि जीपचे नंबर

४ नोव्हेंबर
शेलूबाजारच्या स्टँडवर जीपचे नंबर लावायचं काम मिळालं, त्याला आठवडा झाला. नियम एकच. पहिली गाडी भरून निघाली की दुसरीत माणसं बसवायची. आज सलीमभाईंची गाडी चौथी होती. ते बॉनेटवर बसून माउथ ऑर्गन वाजवायला लागले, आणि पहिल्या गाडीतली माणसं उतरून चौथीत जाऊन बसली. मी ओरडलो. पण अर्धवटच. मलाही ऐकायचं होतं.

५ नोव्हेंबर
आवाज कसा, ते नीट लिहून ठेवतो. गळा खरखरीत, खडीवरून घमेलं ओढल्यासारखा. ओळ एकच, दोनदा. मध्ये बाजा, म्हणजे त्यांचा माउथ ऑर्गन, तिला उत्तर देतो. मग तिसरी भलतीकडेच.

बायको गेली रिसोडले,
बायको गेली रिसोडले,
टायरमंदी हवा नाई, आणू कसा तिले?

कापूस वेचायला निघालेल्या बाया हसून हसून... एक म्हातारी मात्र डोळे पुसत होती.
विचारलं, हे कुठलं गाणं. म्हणाले, "ब्लूज. तिकडं अमेरिकेत कापूस वेचनारे लोक असंच गात. मोबाइलवर आयकलं. हा सूर फुकून नाई येत बाप्पा. दम आत वढा लागते."

७ नोव्हेंबर
गजूभाऊ, स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, आज पहिल्या नंबरवर, गाडी रिकामी. सगळ्या ड्रायव्हरांदेखत मला म्हणाले, "त्याचा बाजा बंद कर, नाई त तुलेच घरी पाठोतो."
जेवण गेलं नाही. त्यांचं चूक नाही. काम गेलं तर घरी काय सांगू? आणि बाजा गेला तर स्टँडवर उरेल काय? हॉर्न.

८ नोव्हेंबर
सलीमभाईंना सांगितलं. दोनदा अडखळलो. ते चिडले नाहीत. उठले, गजूभाऊंच्या गाडीत जाऊन बसले आणि तिथंच वाजवू लागले. गाडी खच्च भरली. मग सलीमभाई उतरायला लागले, तर एक बाई गजूभाऊंना म्हणाली, "त्याइले घेऊनच चाल, नाई त आमी बी उतरतो."
गजूभाऊंनी नेलं. मंगरूळपीरहून परत येईपर्यंत सलीमभाईंचा स्वतःचा नंबर निघून गेला. नियमाने त्यांना शेवटी लावायचं. मी पुढेच ठेवलं.

९ नोव्हेंबर
गजूभाऊंनी ते पाहिलं होतं. सकाळीच बाजूला घेतलं. वाटलं, संपलं.
हळूच म्हणाले, "उद्या तो कोनाच्या गाडीत बसनार हाये? त्याले माह्याच गाडीत बसव, माहीच पयली लाव."
दुपारपर्यंत आणखी दोघे ड्रायव्हर हेच विचारून गेले.