वन्संची किडनी

१८ नोव्हेंबर

गाठ एक नाही, तीन! दोन यकृतात, एक फुप्फुसात. मिरजेच्या डॉक्टरांनी आज रिपोर्ट समजावून सांगितला. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे स्नायू असतात, त्या जातीच्या गाठी. विषाणूमुळे झालेल्या. अवयव बदललेल्या मुलांत क्वचित दिसतात म्हणे. क्वचित! नऊ वर्षांची माझी अंकिताच बरी सापडली.

विषाणू आला कुठून, मी विचारलं. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो गपचूप पडून असतो, काही करत नाही. अंकिताच्या रक्तात ऑपरेशनआधी नव्हता. म्हणजे बहुधा किडनीबरोबरच आला.

किडनी दिली वन्संनी, तिच्या आत्याने. परतताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "ताईला यातलं काही सांगू नकोस."

२० नोव्हेंबर

परकी किडनी अंगाने टाकून देऊ नये म्हणून ज्या कॅप्सूल तीन वर्षं देतोय, त्यांनीच तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. आता डोस निम्मा करायचा. मग तिचं शरीर गाठींशी लढेल — पण किडनीही जाऊ शकते. डॉक्टर स्पष्ट बोलले. किडनी गेली तर डायलिसिस आहे. पोर गेली तर?

रात्री घरात सांगितलं. वन्संनी ताट बाजूला सारलं. "माजी किडनी फुकट घालवणार व्हय वैनी?"

माझी! तीन वर्षं हेच ऐकतेय. ग्रामपंचायतीने फेटा बांधला, चौकात फ्लेक्स लागला. नवरा गेल्यावर माहेरी आल्या तेव्हा कुणी विचारत नव्हतं. किडनी दिली आणि घरातला पहिला मान त्यांचा. अंकिता रोज सकाळी आत्याच्या पाया पडते, मगच कॅप्सूल घेते. पहिल्या वर्षी कौतुकाने सुरू झालं, नंतर नियमच झाला. गोळी चुकली की आत्याने दिलेलं वाया जाईल — सगळ्या घराने पोरीकडून घोकून घेतलंय. मीही.

८ डिसेंबर

वन्सं औंधला जाऊन यमाईला साकडं घालून आल्या. किडनीसाठी! पोरीसाठीही घातलं असेल म्हणा. मी विचारलं नाही.

३० डिसेंबर

गाठी वाढल्या. आणि रक्तात औषध पूर्वीइतकंच! डॉक्टरांनी विचारलं, डोस कमी केला होता ना? केला होता. मी स्वतःच्या हाताने निम्मा देत होते.

घरी येऊन कपाट उघडलं. डोस निम्मा झाल्यापासून उरलेल्या कॅप्सूलची पाकिटं जवळजवळ रिकामी.

स्वयंपाकघरातच वन्संना गाठलं. पोरीला चोरून गोळ्या चारता? किडनीपायी जीव घेता तिचा? त्यांनी यमाईची शपथ घेतली. माझा कुठला विश्वास बसतोय! मग तोंडून गेलंच — हा रोगही तुमच्याच किडनीतून आलाय.

त्यांनी गॅस बंद केला. "म्या दिलं व्हय तिला ह्ये?" एवढंच म्हणाल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

३१ डिसेंबर

वन्सं पहिल्या एसटीने गेल्या. सासरी, जिथे त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू! मी कपाटाला कुलूप घातलंय.

१ जानेवारी

कुलूप बघून अंकिता रडायला लागली. किल्ली दे म्हणाली. कशाला, विचारलं.

"तू गोळ्या कमी देतीस म्हणून मीच रोज कपाटातनं घेत हुते, आई. आत्याकडं आता एकच किडनी ऱ्हायलीय. ही खराब झाली तर ती दुसरी कुठनं देणार?"