फेलिमसाठी दक्षिणेची खिडकी

मी, डिम्फ्ना मॅकएलरॉय, वय वर्षे त्र्याऐंशी, अविवाहित, राहणार ड्रमकॉल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे मी शेगडीत घातली आहेत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

माझे घर सरहद्दीवर आहे, आणि सरहद्द घरात आहे. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा रेघ आमच्या एकुलत्या एका लांब खोलीतून गेली. आजोबांनी त्या रेघेवर जमिनीच्या फळ्यांत एक्केचाळीस खिळे ठोकले. शेगडीकडची बाजू उत्तरेत, लंडनच्या राज्यात. कपाटाकडची बाजू दक्षिणेत, डब्लिनच्या राज्यात. दोन्ही बाजूंना एकेक दार आणि एकेक खिडकी. वकील म्हणाला, "बाई, दोन देश म्हणजे दोन मृत्युपत्रं करा." मी त्याला सांगितले, "मी मरणार एकदाच आहे." म्हणून हे एकच.

कलम पहिले. घर आणि भोवतालची अकरा एकर जमीन माझी भाची सोरका हिला द्यावी. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, डब्लिनला नोकरी करते. मात्र खाली पाचव्या कलमात लिहिलेले काम तिने स्वतःच्या हाताने केले तरच. नाही केले तर सगळे गावच्या चर्चला जावे, आणि पाद्रीबाबांनी ते काम करावे. त्यांना ते मुळीच आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

कलम दुसरे. दलदलीतल्या मातीच्या विटा जळणासाठी कापायचे फावडेही सोरकालाच. याच फावड्याने माझा थोरला भाऊ फेलिम याने बासष्ट साली आपल्या डाव्या पायाचा अंगठा तोडून घेतला. फावडे चांगले आहे, दोष फेलिमचा होता. कापताना तो सरकारवर भाषण देत होता. अंगठ्याची गोष्ट मी उगाच लिहीत नाही, ती ध्यानात ठेवावी.

कलम तिसरे. लोणी नेण्याचा माझा जुना कोट, आत सहा चोरखिसे असलेला, तालुक्याच्या संग्रहालयाने दोनदा मागितला आहे. त्यांना द्यावा. तरुण मुलगी असताना मी त्यातून रेघेपलीकडे किती लोणी नेले हे मी कोणाला सांगितलेले नाही आणि इथेही लिहिणार नाही. जकातवाल्याने मात्र एकदा पकडलेच होते. मला शेगडीजवळ बसवून तो गप्पा मारत राहिला आणि माझ्या कोटाखालून लोणी ठिबकत राहिले. बिचाऱ्याने मान वळवली. देव त्याचे भले करो.

कलम चौथे. शेजारी हर्बर्ट नोबल याला काहीही देऊ नये. हे वैराने नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला हर्बर्टची सही हवी आहे. तो लंडनच्या राजाचा माणूस, प्रॉटेस्टंट, आमच्या उलट मताचा. पण साठ वर्षांत त्याने माझी एकही गाय परक्या कुरणात राहू दिली नाही. खोटे बोलणे त्याला जमत नाही.

कलम पाचवे. हे नीट वाचावे.

बहात्तर साली ब्रिटिश सैन्याने आमचा रस्ता सुरुंगाने उडवला, दक्षिणेकडून कोणी येऊ नये म्हणून. त्या दिवशी फेलिमने शपथ घेतली की ही रेघ पुसली जाईपर्यंत खिळ्यांच्या उत्तरेला पाऊल टाकणार नाही. आणि टाकले नाही. पन्नास वर्षे तो कपाटाकडे राहिला, मी शेगडीकडे. चारच्या ठोक्याला तो कप जमिनीवर दोनदा आपटायचा आणि मी खिळ्यांवरून चहा पुढे सरकवायची. मग वाद. तो म्हणायचा, "देश एक झाला पाहिजे, डिम्फे, आणि आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे."

"पायावर उभा राहील, पण बूट कोण घेऊन देणार? लंडनहून दरवर्षी इकडे पैसे येतात ते बंद झाले की दवाखाना कशावर चालवशील? तुझ्या गाण्यांवर?"

"दक्षिणेत पेन्शन तुझ्यापेक्षा जास्त आहे, बाई! जो दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पितो, त्याची तहान कधी भागायची नाही."

"उपाशी राहून मान ताठ ठेवायला तुझ्यासारखी जाड मान लागते."

सोरका सुट्टीला आली की तीही वादात उतरायची. "मावशी, परदेशी कंपन्यांचा कर केवढा येतो माहितेय का दक्षिणेत?" फेलिम म्हणायचा, "बघ!" मी म्हणायची, "परदेशी कंपन्या उद्या उठून गेल्या की? ती पण दुसऱ्याचीच ओंजळ ना?" मग मी जिंकल्याच्या आनंदात त्याला लोणी जास्त लावलेला पाव द्यायची.

शेवटच्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. येणारी नर्स उत्तरेची, तिची हद्द खिळ्यांपर्यंत. मी त्याला म्हटले, "आता तरी शपथ सोड." तो म्हणाला, "डोकं तिकडे चालेल. पाय इकडेच." म्हणून त्याचा पलंग खिळ्यांवर आडवा लावला. नर्स डोक्याशी उभी राहून औषध द्यायची. पाय मी धुवायची, दक्षिणेत जाऊन.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, दुपारी चारला तो गेला. आमच्याकडे माणूस गेला की घड्याळ थांबवतात, आरसा झाकतात आणि आत्म्यासाठी खिडकी उघडतात. दोन तासांनी ती लावून घेतात, गेलेला परत येऊ नये म्हणून. मी घड्याळ थांबवले. आरसा झाकला. खिडकी उघडली ती उत्तरेची.

सगळे म्हणाले, घाईत चुकली, शेगडीजवळची खिडकी हाताशी होती.

नवव्या दिवशी चार वाजता जमिनीवर दोनदा ठक ठक झाले. मी चहा केला. दुसरे काय करणार? कप खिळ्यांपलीकडे ठेवला, कपाचा कान माझ्या सवयीने उजवीकडे. भांडी विसळून वळले तर कान डावीकडे. फेलिम डावरा होता. तेव्हापासून रोज. मी शेगडीतली राख जमिनीवर पसरून पाहिली. अनवाणी पावले कपाटापासून निघतात आणि खिळ्यांशी येऊन थांबतात. डाव्या पायाला अंगठा नाही. एकदाही खिळा ओलांडलेला नाही. कधी कधी तिथे इतका वेळ उभे राहिल्याची खूण असते की फळी ओली होते. हल्ली मी बातम्या मोठ्याने वाचते. ऐक्याच्या मतदानाचे नाव निघाले की सगळे खिळे एका दमात कुरकुरतात.

मग आताच दक्षिणेची खिडकी का उघडत नाही, असे सोरका विचारेल. घरात मृत्यू नसताना मेलेल्यासाठी खिडकी उघडली तर बाहेर कोणी जात नाही, आत येते. हे आईने सांगितले होते. म्हणून माझ्या मरणाची वाट पाहावी लागत आहे, त्यालाही आणि मलाही.

आता जे पाद्रीबाबांना कबुलीजबाबात सांगितले नाही ते इथे लिहिते. माझी चूक झाली नव्हती. त्या दिवशी मी दक्षिणेच्या खिडकीपाशी आधी गेले होते. कडीला हात लावला होता. मग मागे वळून त्याचे पाय पाहिले, आणि मला वाटले, हा गेला की चार वाजता मी कोणाशी भांडू? तो उत्तरेच्या खिडकीतून मेला तरी जाणार नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? मी ती उघडली, बरोबर दोन तास ठेवली आणि लावून घेतली. माझ्या भावाला मी कोंडून ठेवले आहे. आयुष्यभर तो सुटकेच्या गोष्टी बोलत होता, आणि मी त्याला चहा देत होते. मला या कृत्याची लाज वाटते.

म्हणून माझी आज्ञा अशी. मी गेले की मलाही खिळ्यांवर आडवे ठेवावे, पण डोके दक्षिणेला. सोरकाने स्वतः दक्षिणेची खिडकी उघडावी आणि वाटेत कोणी उभे राहू नये. ती दोन तासांनी लावू नये, सकाळपर्यंत उघडी ठेवावी. त्याला उशीर झाला आहे, पाय दुखत असतील. खिळे त्यानंतर उपटायचे की ठेवायचे ते जिवंत माणसांनी मतदान करून ठरवावे. दवाखान्याचे आधी विचारून घ्यावे, हे माझे मत कायम आहे.

माझ्यासाठी उत्तरेची खिडकी उघडू नये. तो जिथून जाईल तिथूनच मी जाईन.

लिहून दिले, वाचून पाहिले, सही केली.
डिम्फ्ना मॅकएलरॉय
ठिकाण: ड्रमकॉल, टेबल खिळ्यांवर ओढून घेऊन
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
१. युनिस ग्रेहन, टपाल कचेरी
२. हर्बर्ट नोबल, शेतकरी. मी असल्या गोष्टी मानत नाही. आम्ही सह्या करत असताना चार वाजले आणि जमिनीवर दोनदा ठक ठक झाले. डिम्फ्नाबाई उठल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणून चहा मी केला. कान डावीकडे करून ठेवला.