पाण्यावरची पाठ

जयपूर
दि. १९ जानेवारी १९८७

चि. विभास,

तुझ्या सासऱ्याचे, सर्जेरावाचे, मनापासून आशीर्वाद.

नावाआधी काय लिहावं या विचारात समोरचा चहा गार झाला. ‘सौ.’ लिहायची हाताला सवय. आणि आता जे लिहावं म्हणतात, ते तुझ्या वयाच्या पोरीच्या नावाला लावायला माझा हात धजत नाही. म्हणून नुसतं चि. लिहिलंय. चालवून घे.

इकडे आम्ही ठीक. थंडी मात्र यंदा जीव घेतेय. तुझ्या सासूचा गुडघा धरलाय, पण डॉक्टरकडे जाईल ती कसली? इथल्या बगरू गावच्या छापाची रजई आणून दिली, तर म्हणते रंगाचा वास येतो, माझी जुनी वाकळच बरी. संक्रांतीला इथले लोक पतंगाच्या मागे कसे वेडे होतात ते तू बघितलं आहेस, लग्नानंतरची पहिली संक्रांत तू इथंच केलीस. यंदाही सगळी क्वार्टरं गच्चीवर, नुसता ‘वो काटा, वो काटा’चा गलका, आणि आम्ही दोघं खाली दार लावून बसलेलो. तिळगूळ केला नाही. शेजारच्या हवालदारीणबाईंनी इथला तिळाचा गजक आणून दिला, तो तसाच डब्यात पडलाय.

तुझी बालवाडी बरी चालली असेल. पोरांना ओरडत नाहीस ना? नसशीलच. तुझा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही.

बळवंतरावांचं पत्र दिवाळीतच मिळालं. तुझ्या वडिलांना अजून उत्तर गेलं नाही, त्याला कारण मीच. त्यांनी सगळं सरळ लिहिलं होतं. मिरजेचं स्थळ, वीज मंडळात नोकरी, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, माणसं समजूतदार. ‘तुमचा शब्द मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाही,’ असंही लिहिलं होतं. भला माणूस. पण त्याच पत्रात शेवटी एक वाक्य होतं, ते मला गिळता येईना. त्यांनी लिहिलं होतं, ‘विभाच तयार नाही. म्हणते, जिला समोर नवरा गेलेला कळला नाही, तिला दुसरा संसार कशाला द्यायचा?’

विभा, हे बोलणं तुझं नाही. हे तुझ्या सासूचं आहे. माझ्या लेकाच्या, जनाच्या तेराव्याला भरल्या घरात ती तुला म्हणाली होती, ‘माणूस डोळ्यासमोर गेला आणि ही मासिक वाचत बसली!’ तू मान खाली घातलीस, ती अजून वर केली नाहीस असं दिसतं. मी तिथंच होतो. मूग गिळून बसलो होतो.

आता काय ते लिहितो, उगाच पाल्हाळ लावलं. डिसेंबरात सुट्टी काढून आम्ही दोघं अंदमानला, जनाच्या नोकरीच्या गावी, जाऊन आलो. तू आणि जना त्या शेवटच्या रविवारी गेला होतात त्याच बेटावर, त्याच लपलेल्या किनाऱ्यावर.

कलकत्त्यापर्यंत गाडी आणि पुढे जहाज. तुझ्या सासूनं उभ्या जन्मात कृष्णेपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत तिच्या पोटात पाण्याचा घोट टिकला नाही. तरी मागे फिरू म्हणाली नाही. जिथं लेक गेला तिथं नारळ आणि फुलं सोडायची, एवढंच तिच्या मनात होतं. मीही तिला तेवढंच सांगितलं होतं.

होडीवाला रांचीकडचा होता. जनाचं नाव सांगितल्यावर त्यानं काही विचारलं नाही, नुसती मान हलवली आणि होडी सोडली. खडकाला वळसा घालून आत शिरलो आणि, विभा, मला रागच आला. ती जागा इतकी सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी झाडी पाण्यावर वाकलेली, मधे एखाद्या अंगणाएवढी पांढरी वाळू, आणि पाणी असं नितळ की होडीची सावली तळाला दिसत होती. लाट म्हणून नाही. आमच्या गावचा डोह बघून मला जास्त भीती वाटते. अशा ठिकाणी सव्वीस वर्षांचा पोहणारा पोरगा मरतो कसा?

नारळ सोडला, फुलं सोडली. तुझी सासू रडली नाही. आता माझ्या मनातलं दुसरं काय होतं ते लिहितो. 

आपल्या सगळ्या गोतावळ्यात तुझी सासू कजाग आणि मी देवमाणूस. तुलाही तसंच वाटत असणार. पण मी ओठात एक आणि पोटात एक ठेवणारा निघालो. ती बोलली, मी बोललो नाही, फरक एवढाच. मनात मीही तेच म्हणत होतो. आख्खी उमर फौजेत गेली, पहाऱ्यावर डुलकी लागलेल्या जवानाला मी कधी सोडलं नाही. हाकेच्या अंतरावर पाणी, लख्ख ऊन, आणि बायकोला कळू नये? मला ते एकदा स्वतः बघायचं होतं. चूक तुझीच होती हे बघून घ्यायचं होतं, म्हणजे बळवंतरावांना ‘नाही’ कळवताना माझं मन मला खाणार नाही. असा हा तुझा सासरा.

जनाच्या ऑफिसनं पेटी पाठवली होती, त्यात त्याचा तो काचेचा मास्क आणि तोंडात धरायची नळी होती. मी ते दोन्ही गुपचूप बरोबर नेलं होतं. पट्टा त्यानं बांधला होता तसाच होता. माझ्या डोक्याला बरोबर बसला. बापलेकांच्या डोक्याचं माप एक होतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

‘हे काय नवीन?’ तुझी सासू म्हणाली.

‘त्यानं काय बघितलं ते बघून येतो. माझ्यावर लक्ष ठेव गं.’

‘ठिवते की. लई आत जाऊ नगा,’ म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन भुईमुगाच्या शेंगांची पिशवी सोडून बसली.

छातीभर पाण्यात गेलो आणि पालथा झालो. खाली काय आरास मांडलीय देवानं! दगडाची झाडं, त्यांच्या फांद्यांतून निळे-पिवळे मासे. एक पोपटासारखा हिरवा मासा ते दगड कुरतडत होता आणि त्याची कुरकुर पाण्यात मला ऐकू येत होती. जनानं शेवटी हेच बघितलं असेल. बघता बघता छातीत कळ आली असेल, की नळीत पाणी शिरलं असेल, डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं.

मग मी हातपाय सोडले. मुद्दाम. नळीतून श्वास तेवढा चालू, बाकी बोटसुद्धा हलवलं नाही. मेल्यासारखा पडून राहिलो. म्हटलं, आता ती हाक मारेल. हाक मला ऐकू आली नाही तरी ती होडीवाल्याला धाडेल, तो धप् धप् करत येईल आणि मला उताणा करेल. मी वाट बघत होतो. पाठ उन्हानं भाजायला लागली, तरी कोणी आलं नाही. आणखी थांबलो. माशांचं येणं-जाणं चालू होतं, माझ्या बोटांना चाटून जात होते. कोणी म्हणजे कोणी आलं नाही. मला रडू फुटलं. मास्क लावून रडता येत नाही, पाणी आतच साठतं आणि नाकाशी येतं. तेव्हा उठलो.

बाहेर आलो तर ही शेंगा सोलत बसलेली. सोललेले दाणे माझ्यासाठी रुमालावर वेगळे काढलेले.

‘आलात? किती येळ वो, ल्हान पोरागत! गार पडला असाल.’

‘माझ्याकडे लक्ष होतं का तुझं?’

‘व्हय की. सारखी बघत हुते. मगाशी तर तुमी हात हलवलात, ते बी बघितलं.’

मी हात हलवला नव्हता गं. वाऱ्यानं पाणी हललं असेल, त्याबरोबर मी हललो असेन. जनाही असाच हलला असेल आणि तू वर बघून पुन्हा मासिकात डोकं घातलं असशील.

मी तिला सांगितलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग कळलं. ‘सोंग केलंत? माझ्याम्होरं मेल्याचं सोंग?’ म्हणाली आणि ओंजळीतले दाणे माझ्या तोंडावर फेकले. दगड असता तर तोही फेकला असता, आणि मी तो खाल्ला असता. मग ओल्या वाळूत बसकण मारून तिनं जो हंबरडा फोडला, तसा जना गेल्याची तार आली तेव्हाही फोडला नव्हता. ‘मी बघत हुते वो. खरंच बघत हुते. चांगले दिसत हुता,’ हेच पुन्हा पुन्हा. होडीवाला ‘क्या हुआ माताजी’ करत धावत आला. 

पाण्यावर पालथा पडलेला माणूस जिवंत असला तरी तसाच दिसतो आणि नसला तरी तसाच. पाठ दिसते, नळीचं टोक दिसतं. मासे बघायचे तर निपचित पडूनच राहावं लागतं, त्या खेळाची रीतच ती आहे. तू पन्नास वेळा मान वर करून बघितलं असतंस तरी पन्नास वेळा तुला तुझा नवरा मासे बघतानाच दिसला असता. हे तुला त्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं. ते माझं काम होतं. मी ते केलं नाही, आणि दोन वर्षं तू स्वतःला खात बसलीस.

परतीच्या जहाजावर ती माझ्याशी बोलली नाही. इथं आल्यावरही भाकरी वाढायची आणि आत जायची. मी केलं ते वाईट केलं, लग्नाच्या बायकोला असं कोणी दाखवतं का? पण न करता मला कळलं नसतं, हेही खरं आहे. काल दुपारी अंगणात उन्हाला बसून ती चाकवत निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्या पोरीला लिवा.’

‘काय लिहू?’

‘समदं लिवा. सोंगाचं बी लिवा. आन् खाली माझ्यापुरती जागा सोडा.’

तुझी सासू चौथी शिकलेली. जनाला सुद्धा तिनं कधी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं नव्हतं, मी लिहायचो आणि ती सांगायची. म्हणून जागा सोडतोय.

बळवंतरावांना वेगळं पत्र आजच टाकतो. त्यात आमचा होकार आहे, मोकळ्या मनानं दिलेला. भाऊबंद तोंडं वाकडी करतील, आपल्यात हे चालत नाही म्हणतील. त्यांना माझ्याकडे धाड, अजून अंगावर वर्दी आहे. पण आमच्या होकारानं काय व्हायचं? तू मान वर केलीस तर पुढचं. मिरजेच्या माणसाला एकदा भेट. आवडला नाही तर नाही म्हण, पण तो आवडला नाही म्हणून नाही म्हण. आपल्याला संसाराचा हक्क नाही म्हणून म्हणू नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायचं ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर. तब्येतीला जप.

तुझ्या बाजूनं बोलायला दोन वर्षं उशीर झालेला,
सर्जेराव

विभा पोरी,

तुला लई लागंल असं बोलले. भरल्या घरात बोलले. माजे डोळे चांगले हायेत, सुईत दोरा मी अजून बिनचष्म्याची ववते. ऊन लख्ख हुतं. मी म्होरंच बसले हुते आन् बघत हुते.

मला बी दिसलं न्हाई.

लगीन कर.

अनुसया