आक्काचं तीर्थ आणि मामांची कण्हेर

शेलार, भिवंडी

ती. बाळाराममामांस चांगदेवचा दंडवत. तुमचे गुडघे आणि मामींचं बीपी आटोक्यात असेलच. इकडे आक्का बरी आहे (आता आहे. मधली हकिकत फोनवर सांगता येईना, कारण फोन लागला की तीच कान लावून बसते).

गेल्या महिन्यात आक्का म्हणू लागली, भातात हळद पडलीय. कमळनं नवा भात रांधला, तोही पिवळा. मग दूध पिवळं, माझं बनियन पिवळं, दापोड्याच्या गोडाऊनचे पांढरे पत्रेसुद्धा पिवळे. सासू-सुनेत जुंपली (मी रिवाजाप्रमाणे दोघींच्या बाजूनं होतो). पण उलट्या सुरू झाल्या, नाडी रेंगाळू लागली, तेव्हा मी तिला उचलून रिक्षात घातलं. आई जाते की काय, असंच वाटलं.

दवाखान्यात रक्त तपासलं, तर हृदयाच्या गोळीचा अंश जास्त. गोळी तर कमळ मोजून देते. शेवटी उलगडा झाला: आक्का गोळी घेते महादेवाच्या तीर्थाबरोबर! (तिचं म्हणणं: गोळी इंग्रजी हाय, पानी तरी देवाचा नको?) आणि त्या तीर्थात रात्रभर भिजतात तुम्ही अंगणात लावलेल्या पिवळ्या कण्हेरीची फुलं.

मामा, डॉक्टरांचं ऐकून मी अजून थक्क आहे. ती गोळीही मुळात परमुलखातल्या एका फुलझाडाचीच म्हणे, आणि आपली कण्हेर गुणानं तिची विषारी चुलत बहीण. दोघी हृदयाचा ठोका जोरकस करतात, धावत्या नाडीला सावकाश चालवतात. किंचित मिळालं तर थकलेलं हृदय तरतं, किंचित जास्त झालं तर थांबतं. जग पिवळं दिसणं हा इशारा. कण्हेरीच्या बियांच्या ज्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळलो, त्यांच्यात केवढी ही शक्ती! हल्ली झाडाजवळून जाताना मी हात जोडतो (आणि घरात येऊन धुतो).

मामींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमचा भाचा,
चांगदेव

ता.क. खरं काम राहिलंच. आक्का तीर्थ सोडत नाही आणि भावानं लावलेलं झाड तोडूही देत नाही. महादेवाला बेल चालतो, एवढं तुम्ही तिला लिहा. तुमचंच ऐकेल. (भाऊबीजसुद्धा तुम्ही कित्येक वर्षं फोनवरच उरकता, म्हणून पत्रानं भीड घालतोय.)

आणखी ता.क. आक्कानं हे पत्र कमळकडून वाचून घेतलं. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो: "तीर्थ सोरला. पन झार तोराचा त बाळारामानं सोता येऊन तोरावा. तवर झारबी हाय, मीबी हाय."