पान सत्तावीस

४ जानेवारी

ही वारली त्याला आज दोन महिने. मापांच्या वहीत मागं कोरी पानं आहेत, त्यांवर लिहितोय. दुसऱ्या कुणाशी बोलण्यासारखं नाही.

लायब्ररीत गेलो होतो, हिचं नाव कमी करायला. तिथल्या बाईंनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, सत्ताविसावं पान उघडून माझ्यापुढं धरलं. आकड्याशेजारी पेन्सिलीचा बारीक त्रिकोण. ही करायची म्हणे, नेलेलं पुस्तक ओळखू यावं म्हणून. पुस्तकांवर लिहायला मनाई आहे, पण बाई हिला कधी बोलल्या नाहीत.

चाळीस वर्षं एका घरात राहिलो, मला ठाऊक नव्हतं. नाव कमी केलं नाही. माझं घातलं.

९ जानेवारी

कपाटं उपसून पान सत्तावीस बघत बसलो. बाईंना वाटलं, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाही असेल!

काही त्रिकोण पोकळ, काही आतून भरलेले. ते मला लगेच कळलं. शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर माझीही खूण असते — पोकळ म्हणजे ट्रायल बाकी, भरलेली म्हणजे अंगावर बसलं, पसंत. काज-बटणं हीच करायची, सगळ्या चिठ्ठ्या हिच्या हातांखालून जायच्या. माझीच पद्धत उचललेली दिसते. बरं वाटलं.

पोकळ दोनशेपर्यंत मोजले, मग सोडून दिले. भरलेले अकरा. हिच्या आवडीची अकरा पुस्तकं. वर्षभरात तेवढी वाचणार. मी! पेपराचे मथळे बघून घडी घालणारा माणूस.

२ फेब्रुवारी

पहिलं संपलं. प्रवासाचं आहे. एक बाई एकटीच बोटीनं निघते, तीन वर्षं फिरते. पहिली पन्नास पानं जांभया देत वाचली. मग वादळ आलं आणि मी कात्री हातात धरून तसाच उभा, गिऱ्हाईक समोर ताटकळत. आवडलं. खरंच आवडलं. हिला सांगावंसं वाटलं, हाक मारायला तोंडही उघडलं.

आणि मग दिवसभर हात चालला नाही.

११ मार्च

रहस्यकथा. बायको नाहीशी होते, सगळे नवऱ्यावर संशय घेतात. मी बागेतल्या माळ्यालाच खुनी धरून बसलो होतो. सपशेल चुकलो! खून झालेलाच नसतो. ती आपल्या पायांनी निघून गेलेली असते. दुसऱ्या गावात खोली घेते, खिडकीशी खुर्ची टाकून बसते, आणि खूश असते. काय बेतलंय! एक चिंधी वाया गेलेली नाही.

बोटीवरची बाईही नवऱ्याला सांगून गेली नव्हती. सहज आठवलं.

२६ एप्रिल

कविता. निम्म्या डोक्यावरून गेल्या. एक मात्र चारदा वाचली. दार आहे, आतून कडी आहे, कडीवर हात आहे. बस, एवढंच. दुपारी दुकान उघडलं नाही.

२७ एप्रिल

आजही नाही.

१९ जून

गणवेशांनी नाकी नऊ आणलेत. तरी मधमाश्यांचं पुस्तक संपवलं. शास्त्राचं असून गोष्टीसारखं लिहिलंय. जुनी राणी एक दिवस अर्धं पोळं बरोबर घेऊन घर सोडते. माश्यासुद्धा!

काज-बटणं आता बाहेर देतो. एकालाही सरळ काज येत नाही. हिचं काज आतून-बाहेरून सारखं दिसायचं. मी तसं कधी म्हटलं नाही. तिच्यापुढं आणखी चार शर्ट टाकायचो.

३ ऑगस्ट

कादंबरी. शाळेतल्या एक बाई सतरा वर्षांचा संसार टाकून एका पिशवीनिशी निघून जातात. भांडण नाही, तंटा नाही. नवरा वाईटही नाही. फक्त तो कधी काही विचारत नाही.

मी विचारलं का? काय वाचतेस, एवढं तरी?

लिहून टाकतो. हिला जायचं होतं. नाही तर अशीच पुस्तकं का आवडावीत? चाळीस वर्षं माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती आणि मनानं भलतीकडंच होती. मी आपला समजत होतो, सुखात आहे. रडू आलं. दुकानातच आलं, शटर अर्धं ओढून घेतलं.

१० ऑगस्ट

मेव्हणी येऊन गेली. हिची पाठची बहीण. लहानपणी दोघी एकमेकींच्या हातातली पुस्तकं ओढून वाचायच्या. तिला नक्की ठाऊक असणार. अगदी जिभेवर आलं होतं — तुझी ताई सुखी होती का गं? पण "नाही, भाऊजी" म्हणाली असती तर? हवापाण्याचं बोललो. चहा पिऊन गेली.

१५ ऑक्टोबर

भुताचं पुस्तक. भूत बाईचंच, आणि तेही घर सोडून जायला निघालेलं! हसलो. किती दिवसांनी हसलो. मग आपल्याच हसण्याचा आवाज ऐकून मशीन चालू केलं.

१२ डिसेंबर

अकरावं संपलं. आता हिचं काही वाचायचं उरलं नाही.

लायब्ररीच्या बाई सगळ्यांकडून यादी घेताहेत — वर्षभरातली आवडती पाच पुस्तकं. फळ्यावर लावणार. मी बोट, रहस्यकथा, कविता, माश्या आणि शाळेतल्या बाई अशी पाच लिहिली. म्हटलं, माझ्या नावानं नको, हिच्या आवडीची म्हणून लावा. बाईंनी वर तसं सुबक अक्षरात लिहिलं. निदान तिला काय हवं होतं ते चारचौघांत मान्य केलं. उशिरा केलं.

२१ डिसेंबर

मेव्हणीनं फळा बघितला आणि तडक दुकानात आली. "भाऊजी, ही ताईच्या आवडीची कुठली? ही तिची राहिलेली." दोघींची लहानपणापासूनची खूण. पोकळ म्हणजे वाचून झालं. भरलेला म्हणजे अर्ध्यात परत करावं लागलं, पुन्हा न्यायचं.

लायब्ररीत जाऊन मागच्या पानांवर हिच्या नंबरापुढच्या तारखा बघितल्या. दहा वेगवेगळ्या वर्षांचे जून, शाळा सुरू व्हायचे, गणवेशांचे. आणि एक तारीख माझा पाय मोडला होता तेव्हाची.

तिला कुठं जायचं नव्हतं. शेवट वाचायचे होते. ते अकराही मी वाचले.