घर, सायकल आणि दोन फांद्या यांची व्यवस्था

...तर त्या सकाळी मी अंगण झाडले, तळ्यावरून पाणी आणले, तांदूळ वैरले, आणि भात शिजेपर्यंत घमेल्यातल्या पाण्यात एक ट्यूब धरून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसले. नवरा ओट्यावर शिळी भाकर दुधात कुस्करून खात होता. खंडाळ्याला एका साहेबाचे चाक पोचवायचे होते. मी म्हटले, "अवं, उतरताना फांदी बांदा." तो म्हणाला, "रोज बांदतो गं, रोज सांगतेस." एवढेच बोलणे झाले. कर्जतच्या कागद लिहिणाऱ्याने मला जो नमुना दिला त्यात आरंभी ईश्वराचे नाव आहे. पण त्या दिवशी ईश्वर आमच्याकडे फिरकला नाही, म्हणून मी आरंभी ती सकाळ लिहिली आहे.

आता रीतीप्रमाणे. मी गौराबाई भ्रतार नवशा ठोंबरे, उमर वर्षे अजमासे पन्नास, धंदा सायकलदुरुस्ती, राहणार मौजे खोपोली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. नवऱ्याचे नाव घ्यायची सवय नाही, पण कागदाला लाज नसते. मला कोणी शाळेत घातले नाही. आकडे मी घाटातल्या मैलांच्या दगडांवरून शिकले आणि अक्षरे मुंबईहून सामान गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवरून. त्यामुळे जगातली अर्धीच बातमी मला ठाऊक असते, उरलेली अर्धी कात्रीत जाते. तरी माझी अक्कल शाबूत आहे. गेल्या चातुर्मासापासून छातीत कळ येते. देहाचा भरवसा नाही असे नमुन्यात आहे. घाटाच्या पायथ्याशी सायकलीचे दुकान चालवणाऱ्या बाईला ते कोणी सांगायला नको.

अक्कल शाबूत असल्याचे मुद्दाम लिहिण्याचे कारण माझे दीर मोरू ठोंबरे. गेल्या आठवड्यात ते आले आणि ओट्यावर न बसता उभ्याने बोलले.

"वैनी, घराचं काय ठरवलंत?"

"राहतेय त्यात."

"तसं नाय. तुमच्या माघारी?"

"माझ्या माघारी मी कुठं राहीन त्याची काळजी तुमी नका करू, भावजी."

"बाईमाणसाचा कागद कोरटात टिकत नाय. त्यात लोक म्हणतात, वैनीच्या डोस्क्यावर परिणाम झालाय. बाया पंक्चर काढतात व्हय?"

"मग परवा तुमच्या सायकलीचं पंक्चर काढलं ते कोणी? भुतानं?"

त्यावर ते गेले. जाताना पंप मागून घेऊन चाकात हवा भरायला विसरले नाहीत.

कलम पहिले, घर. रस्त्यालगतचे घर, ओटा, पुढची पडवी आणि मागचे परसू ही माझी स्वतःची मालमत्ता आहे. नवऱ्याने हयातीत मला बक्षीसपत्र करून दिले होते. कचेरीतला कारकून हसला, म्हणाला, बायकोला घर देऊन तू कुठे चाललास? नवरा म्हणाला, "मी कुटं जातोय? पण घाट हाय, सायबा." तेव्हा भावकीचा त्यात काही संबंध नाही. भावजींना तिथे मोटारवाल्यांसाठी पेट्रोलचे डबे ठेवायचे आहेत, असे ऐकते. चुलीशेजारी पेट्रोल ठेवण्याची अक्कल असलेल्या माणसाने माझ्या डोक्याविषयी बोलू नये.

हे घर माझ्यामागे माझ्या बहिणीची मुलगी मैना हिचे. तिचा नवरा गिरणीत कामाला गेला आणि तिथेच दुसरी करून बसला. सासरच्यांनी मैनेला एका पातळानिशी एस्टेशनावर आणून सोडले. आज ती चाकाचे आरे इतके सरळ बसवते की रविवारी मुंबईहून सायकलींवर येणारे पारशी शेठ मला सोडून तिलाच हाक मारतात. तिला दुसरा आसरा नाही. हे घर गेले तर ती परत दुसऱ्याच्या चुलीपुढे उभी राहील, आणि ती चूल भावजींचीच असेल, हे मला स्पष्ट दिसते.

कलम दुसरे, सायकल. नवऱ्याची सायकल दरीतून वर काढली तेव्हा तिचा पुढचे चाक धरणारा चिमटा वाकला होता. भावजी म्हणाले, भंगारात घाला. मी तो तापवून सरळ केला. सायकल मैनेची. ती मर्दानी डांडीची आहे आणि मैना नऊवारी नेसते, यावर गावात फार चर्चा झाली. कासोटा घातलेल्या बाईला डांडीची अडचण होत नाही. अडचण बघणाऱ्यांना होते, आणि त्यांना मी काही ठेवलेले नाही.

कलम तिसरे, फांदी. हे परक्या माणसाला कळावे म्हणून नीट लिहिते. बोरघाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर रबर जळते. म्हणून आमच्याकडचे सायकलवाले ऐनाची पानेदार फांदी दोरीने गाडीच्या मागे बांधतात. ती रस्त्यावर फरफटत येते आणि गाडी आवरते. लोक तिला शेपूट म्हणतात. घाटमाथ्यावर चिंधी ठाकरीण अशा फांद्या तोडून देते. फांदी काटेरी नसावी, हे पोरालाही समजते. भावजींनी एकदा आळसाने बोरीची बांधली आणि घाटभर काटे पेरले. मागून येणारे सगळे पारशी सायकली ढकलत आमच्या ओट्यावर आले. भावजींनी आमच्या धंद्याला केलेली मदत ती एवढीच, म्हणून नमूद केली.

आता जुना हिशेब. साहेबाचे चाक पोचवले त्या दिवशी दोघे भाऊ खंडाळ्याहून बरोबर निघाले. तिथे चहावाल्याकडे बरीच मंडळी होती. चिंधीने फांद्या दिल्या, दोघांनी बांधल्या. तेवढ्यात भावजी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "काय रं दादा, बायकोनं शेपूट लावून धाडलं व्हय? हलव की जरा!" माणसे हसली. नवऱ्याने गाठ सोडली आणि तसाच निघाला. शिंग्रोबाच्या देवळाखालच्या वळणावर गाडी आवरली नाही.

भावजी सुखरूप खाली आले. मी पुष्कळ दिवस समजत होते की नशिबाने आले. मग चिंधी मोळी घेऊन खाली आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "गौरा, तुला कोणी सांगितलं का नाय? त्यानं सोडली ती यानं उचलली. दोन बांदून उतारला तुजा दीर."

दुसऱ्याला हसून स्वतः दोन शेपटे लावून उतरणारा माणूस गावात आज शहाणा म्हणवतो. तेराव्याला याच माणसाने, दादा माझं ऐकायचा नाय, म्हणून छाती बडवली. दादाने जन्मात एकदाच ऐकले.

म्हणून मोरू ठोंबरे यांस माझ्या मिळकतीतून ऐनाच्या दोन फांद्या देण्यात याव्यात. ताज्या, पानांसकट. दोरी त्यांनी स्वतःची आणावी.

कलम चौथे. तांब्याचा हंडा माझी जाऊ सोनुबाई हिला. सुतकात तिने आपल्या नवऱ्याची नजर चुकवून मला पिठले-भाकरी पोचवली. या हंड्यातले तापवलेले पाणी भावजींना आंघोळीला देऊ नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, पण जावेने मनात ठेवावी.

पितळी पंप, नट फिरवायचे पाने, हातोडी, सोल्यूशनचा डबा आणि घमेले मैनेकडेच राहावे. भावजींना पंप मागायचा असल्यास मैनेला "मैनाबाई" म्हणून मागावा.

मुंबईचे एक पारशी शेठ दर थंडीत येतात, पेशवाईतल्या तळ्यापाशी सायकल टेकवतात आणि "बाई, आ तलाव कोणी बांधला?" असे दर वेळी नव्याने विचारतात. त्यांचा चष्मा फळीवर आहे. तो द्यावा. उत्तर देऊ नये, नाहीतर यायचे थांबतील.

माझ्यामागे रडायला कोणी बोलावू नये. मी माझे रोज थोडे थोडे करते, ट्यूब घासताना, आणि त्यात कामाचा खोळंबा होत नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी कोणाच्या भिडेने नव्हे, चांगली रागात पण शुद्धीवर असताना लिहिले आहे. मुक्काम खोपोली, तारीख १२ नोव्हेंबर १९३४.

सही: गौराबाई भ्रतार नवशा ठोंबरे

साक्षीदार:
१. धोंडी पोशा दळवी, टपाल वाटणारे, खोपोली. सही.
२. चिंधी, घाटमाथ्यावरील ठाकरवाडीची. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा असल्याचे धोंडी म्हणाले, म्हणून चिंधीसाठी ठेवलेला कोयता वरती लिहिला नाही, आजच तिच्या हातात दिला.

पुरवणी. अंगठ्याची शाई पदराला पुसता पुसता चिंधीने विचारले, "या कागदानं घर मैनीचं कदी व्हनार?"

मी म्हटले, "मी मेल्यावर."

"आन् तुजा दीर भांडाया कदी येनार?"

"तेव्हाच."

"मग त्या टायमाला तू आसशील का त्याला उत्तर द्याया?"

धोंडी खाली बघून हसू लागले. मला रात्रभर दुसरे काही सुचले नाही. या कागदात मी सगळे बोलले आहे, पण तो उघडेल तेव्हा माझ्या तोंडात माती असेल आणि मैना एकटी उंबऱ्यात उभी असेल. कोयता जिवंतपणी देता आला, मग घरच मागे का ठेवले?

तेव्हा कलम पहिले आणि दुसरे मी रद्द करते. बाकीचे मृत्युपत्र, फांद्यांसह, कायम आहे.

हे लिहिले त्याच सकाळी मैनेने सायकल बाहेर काढली, मी मागे बसले, आणि आम्ही भावजींच्या दारावरून कर्जतच्या कचेरीत जाऊन घर आणि सायकल तिच्या नावे बक्षीस करून दिली.