शेवटचं कडवं

१२ जानेवारी
मधल्या सुट्टीत देशमुख बाईंनी मोबाइलवर एक भजन लावलं. अण्णांचं. माझ्या वडिलांनी रचलेलं, चालही त्यांचीच. खाली लिहिलंय 'पारंपरिक'. डबा तसाच घरी आणला. वालूरच्या कापड दुकानात गिऱ्हाईक नसताना माणूस चाळीस वर्षं गाणी रचतो आणि जिवंतपणीच पारंपरिक होतो.
मागे एका गायकानं हे भजन कॅसेटवर गायलं होतं, तिच्यावर फक्त त्याचंच नाव. अण्णांचं नाव शेवटच्या कडव्यात होतं, भजनात असतं तसं. रेकॉर्डिंगला टेप संपत आली म्हणून नेमकं तेच कडवं गाळलं. अण्णाच म्हणाले होते, गाळा.

१५ जाने.
गाणं टाकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर: 'नावाचं कडवं त्यांच्या आवाजात पाठवा, 'पारंपरिक' काढून लगेच नाव टाकतो.' माणूस बरा निघाला. भांडायची सगळी तयारी वाया.

१८ जाने. वालूर
अण्णांना गायला बसवलं. तीन कडवी झाली, थांबले. मला वाटलं दम लागला.
"पुढचं येईना गं मंगल. इतकी वर्षं मी बी कॅसेटच ऐकायलोय."
वही वाळवीनं खाल्लेली. म्हणाले, चारठाण्याच्या बायकांचं मंडळ हे म्हणायचं, तिथं बघ.

२५ जाने. चारठाणा
बायकांनी म्हणून दाखवलं. तिसऱ्यावर थांबल्या नाहीत! पुढे:
गंगा म्हणे, शेणाचे हात घेऊन आले दारी,
धुवायला पाणी तूच दे शंकरा.
मी विचारलं, गंगा कोण? एक म्हातारी म्हणाली, "आमची गंगाबाई. वारली आता. कॅसेटमधी नाव नव्हतं. नावाबिगर भजन कसं सोडावं? मंग तिनंच जोडलं. तिचंच हाय हे गाणं."
सगळं रेकॉर्ड केलं. अण्णांचं नाव काढायला तोंड उघडलं आणि चहा मागितला. भ्याले की काय मी.

२७ जाने.
अण्णांना ऐकवलं. तीनदा लावायला लावलं. "चाल नीट धरलीया." मग, "शेणाचे हात मला सुचले नसते." जेवले नाहीत. वाईट वाटलं, रागही आला. कुणाचा, तेच कळेना.

१ फेब्रु. वालूर
अण्णांनी नवं कडवं केलंय, स्वतःच्या नावाचं. गायले, मी रेकॉर्ड केलं. शब्द ओढूनताणून आणलेले.
"कसं झालंय?"
"छान."
"खोटं बोलायलीस."
त्यांनी उपरणं घडी करून मांडीवर ठेवलं, पुन्हा उलगडलं.

३ फेब्रु.
त्या माणसाचा मेसेज: 'पाठवताय ना?' चारठाण्याचं आणि अण्णांचं, दोन्ही रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये आहेत. अण्णांना फोन केला, कोणतं पाठवू?
म्हणाले, "तुला पटंल ते धाड. मला मात्र सांगू नको."